बाहेरच्या ओळीतलं केळं

केळं झाडावर असतानाच त्यानं कुठल्या देशात जायचं ते ठरलेलं असतं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पायल म्हणाली, "मग पासपोर्टपण झाडावरच देता काय गं?" हसा. पण खरंच तसं आहे.

इराणला जहाज आठवड्याभरात पोचतं, म्हणून तिकडचं केळं आम्ही चांगलं भरू देतो. त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिलीमीटर जाड झालं की घड उतरवायचा. रशियाला पंचवीस दिवस लागतात. तिकडचं केळं अडतीस-एकोणचाळीसलाच कापावं लागतं, चाळीस म्हणजे शेवटची हद्द. त्याच्यापेक्षा जाड केळं समुद्रावरच पिकायला लागतं, आणि बंद कंटेनरमध्ये एक पिकलं की ते शेजारच्यालाही पिकवतं. तिकडं दार उघडेपर्यंत आत वीस टन पिवळा चिखल झालेला असतो.

आमचं पॅकहाउस टेंभुर्णीला, हायवेला लागून आहे. राहतो मात्र जुळे सोलापुरात, माझ्या शाळेमुळं आणि बाबांच्या नोकरीमुळं. आई आठवड्यातले चार दिवस टेंभुर्णीत असते आणि रविवारी मी तिच्याबरोबर जाते. आई, म्हणजे विजयमाला, आणि तिचा मोठा भाऊ उदयसिंहमामा यांची भागीदारी आहे. मामा करमाळ्याकडच्या बागा फिरतो, सौदा करतो, घड कापून आणतो. पुढचं धुणं, भरणं, कागद आणि जहाज सगळं आईकडं.

परदेशी बायरशी बोलायचं खातं मात्र माझं. ते मामामुळं मिळालं. मागच्या दिवाळीत नुसती भावाची चौकशी करणारा एक दुबईवाला इंग्रजीत काहीतरी फाडफाड बोलत होता, तेव्हा मामानं फोन माझ्या हातात कोंबला. "बोल. तुझ्या शाळेची फी काय फुकट भरताव व्हय?" आठवीपर्यंत बाईंनी नुसतं माझं नाव घेतलं, वैजयंती, तरी माझा घसा बंद व्हायचा. त्या दिवशी मी अकरा मिनिटं बोलले. आता मला थांबवावं लागतं.

तर. सहा वर्षं आमचा सगळा माल इराणला जायचा. तिथले बेहरूझसाहेब आमचे एकमेव बायर, हिंदी पिक्चर बघून हिंदी शिकलेले, आईला बहन म्हणणारे. मग यंदा जूनमध्ये तिकडं युद्ध पेटलं. दुपारी टीव्हीवर बातमी आली आणि संध्याकाळी जहाज कंपनीचा मेल आला, की आमची जहाजं त्या बंदराला जाणार नाहीत, कारण विमा कंपन्यांनी हात वर केलेत. आमचा कंटेनर तेव्हा मुंबईच्या बंदरात उभा होता. नऊ दिवस तो तिथंच प्लगला लावून गार ठेवला आणि शेवटी मिळेल त्या भावात मस्कतला दिला. पॅकहाउसमधली चाळीस माणसं तीन आठवडे घरी बसली. आई एवढंच म्हणाली, "तिकडं कोण कुणावर बॉम्ब टाकतो आणि टेंभुर्णीत माझं गेट बंद होतं. मला दुसरं गेट पाहिजे."

दुसरं गेट म्हणजे रशिया. त्यांचे नियम लई कडक. बागेची सरकारी नोंदणी पाहिजे, प्रत्येक खोक्यावर नंबर पाहिजे, आणि अधिकारी येऊन भिंगातून कीड बघणार, मगच प्रमाणपत्र. नशीब, की आमची कागदपत्रं बघणाऱ्या सिद्धलिंगप्पाकाकांनी हिवाळ्यातच हे सगळं सुरू करून ठेवलं होतं. तेव्हा मामा हसला होता. तिथल्या बायर लारिसामॅडमनी आईला स्वच्छ सांगितलं, "एक कंटेनर चाचणीचा. नीट पोचला तर डिसेंबरपर्यंत दर आठवड्याला दोन. नाही पोचला तर परत फोन करू नका."

त्या कंटेनरचा रविवार. पंधराशे चाळीस खोकी आत रचून झाली होती, दार अजून उघडं. अधिकारी आदल्या दिवशी नमुने तपासून गेले होते. अकरा वाजता लारिसामॅडमचा व्हिडिओ कॉल येणार होता. त्या सांगतील त्या नंबरची खोकी कॅमेऱ्यासमोर उघडायची आणि कॅलिपर लावून जाडी दाखवायची. मग काका कंटेनरला ई-सील लावणार. ते लागलं की बंदराशिवाय कुठं उघडता येत नाही. साडेपाचच्या आत गाडी हलली तरच जहाज मिळणार होतं.

मी दहा वाजताच हात बसवायला म्हणून दोन-चार खोकी उघडली. कॅलिपर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरचा गावरान भाऊ. पहिल्या खोक्यात एकोणचाळीस. मस्त. दुसऱ्यात त्रेचाळीस. मला वाटलं माझंच चुकलं. तिसऱ्यात चव्वेचाळीस.

मामा शेडच्या मागं फोनवर होता. मी गेले आणि हळूच सांगितलं, "मामा, हे रशियाचं केळं नाही."

त्यानं फोन खाली घेतला. रागावला नाही, उलट आजूबाजूला बघून मला जवळ ओढलं. "निम्मा माल कोंडीबा आबाच्या वरच्या बागंतला हाय. तो मीच चार दिस थांबवून कापला, तुझी आई सोलापुरात हुती तवा भरून घेतला."

"का पण?"

"इराण उघडतंय. दोन-तीन दिसांत युद्ध थांबतंय, बेहरूझ म्हणला. रशियाचं कायतरी फिसकटलं तर हा माल सरळ तिकडं. बारीक कापला असता तर इराणवाला हात लावतो व्हय? मी दोनी दारं उघडी ठेवली. ह्याला धंदा म्हणत्यात."

"पण तो रशियालाच चाललाय ना आता?"

"बंदरात जाईस्तवर बघू की. तितनं फिरवता येतंय. तुझी आई एक घेऊन बसली की दुसरं बघत न्हाय. आज नुसता कॉल निभव. एवढं कर माझ्यासाठी."

खरं सांगू? मला ते हुशारीचं वाटलं. दोन देशांना एकाच कंटेनरवर बसवायचं, कुणाला कळू न देता, आणि ते गुपित मला एकटीला माहीत. शिवाय ज्या माणसानं माझ्या हातात पहिल्यांदा फोन दिला तो मागत होता. मी हो म्हटलं.

अकराला कॉल आला. आई ऑफिसच्या दारात, काका सीलची पिशवी घेऊन तिच्या शेजारी, मामा कंटेनरच्या आत. लारिसामॅडम इंग्रजीत बोलत होत्या, पण मी मराठीतच सांगते.

"खोकं नंबर दोनशे चार."

काढलं, उघडलं. अडतीस. "नंबर नव्वद." चाळीस. मी मध्येच हवामान विचारलं, टेंभुर्णीत किती ऊन आहे ते सांगितलं, त्या थोडं हसल्यासुद्धा.

"सहाशे अकरा."

मामानं खोकं आणून ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

केळ्याच्या फणीला दोन ओळी असतात, आतली आणि बाहेरची. माप घ्यायचं ते बाहेरच्या ओळीतल्या मधल्या केळ्याचं. आतल्या ओळीतली केळी तीन-चार मिलीमीटर बारीक असतात. कॅमेरा जवळ धरला की ओळ कळत नाही. मामानं कॅमेऱ्याच्या बाहेर दोन बोटं आतल्या बाजूला वळवली.

मी आतल्या केळ्याला कॅलिपर लावला. चाळीस. "चाळीस, मॅडम," मी म्हणाले, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही.

अजून दोन खोकी झाली. एक खरं, एक आतल्या ओळीचं. "छान," त्या म्हणाल्या. "तू नीट दाखवतेस. सील करा."

आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. ती सहसा असं करत नाही. "काका, ऐकलंत का हिचं? मी दहावीत होते तेव्हा तलाठ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती माझी."

"पुट्टी पुढं जाणार की हो," काका म्हणाले. अक्कलकोटचे आहेत, कन्नडमध्ये छोट्या मुलीला पुट्टी म्हणतात. ते सील काढत काढत कंटेनरच्या दाराकडं निघाले. एक दार लावलं. कडी वाजली.

आईचा हात अजून पाठीवरच होता. आठवीत घसा बंद व्हायचा तसा झाला, आणि मला त्या घशाचाच राग आला. खोटं बोलताना तो उघडा होता की.

"आई, सील नको."

"काय?"

"मी आतल्या ओळीचं माप दाखवलं. दोनदा. निम्मा माल इराणच्या जाडीचा आहे."

तिनं हात काढला. माझ्या हातातला कॅलिपर घेतला आणि कंटेनरमध्ये चढली. काका सील धरून तसेच उभे. आतून पुठ्ठा फाटल्याचा आवाज आला, मग परत, मग परत. पाचव्या खोक्यानंतर ती दारात आली.

"दादा."

मामा आधीच तिथं होता. "ऐक माले—"

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारून म्हंजे? सहा वर्षं माल कोण आणतंय?"

"म्हणून विचारते. सहा वर्षं आणणाऱ्या माणसाला कळत नाही, पंचवीस दिवसांत ह्याचं काय होतं?"

"कळतंय, म्हणून तर रशियाला जाऊच द्यायचा न्हवता. इराण उघडतंय. मी रस्त्यातनं फिरवणार होतो."

"आणि मला कधी सांगणार होतास? बंदरात?"

मामानं माझ्याकडं बघितलं, आणि मी त्या बघण्याला तयार नव्हते. "एवढंच पोटात ठेवायचं हुतं व्हय गं?"

"तिच्याकडं बघू नकोस," आई म्हणाली. "माझ्याकडं बघ. पोरीला खोटं बोलायला तू लावलंस."

तेवढ्यात मामाच्या फोनवर व्हॉइस मेसेज आला. त्यानं सगळ्यांसमोर लावला. बेहरूझसाहेबांचा आवाज, मागं गाड्यांचे हॉर्न. "उदय भाई, खुशखबरी. लडाई बंद. बंदरगाह कल से खुलेगा. माल है तो भेजो, बहुत कमी है यहाँ, भाव अच्छा दूँगा."

मामाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, संपलं, हाच जिंकला. "आता बोल. भरलेला कंटेनर हाय. काका कागद बदलतील. एक केळं वाया जात न्हाय, कुणाचं नुकसान न्हाय. तिकडं टंचाई हाय, आता बारीक मालबी त्याच भावात घालतो मी. रशियाला पुढच्या महिन्यात बघू की."

मी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, "कागद बदलता येतात. होतं ते."

खरंच, सगळं जमत होतं. आई खोक्यावर टेकली. साडेअकरा झाले होते.

"त्यांना फोन लाव," ती मामाला म्हणाली. "स्पीकरवर."

बेहरूझसाहेब लगेच आले. ख्यालीखुशाली झाली, युद्धात त्यांच्या गोदामाचं एक छप्पर गेलं होतं, माणसं ठीक होती. मग आईनं तिच्या टेंभुर्णीच्या हिंदीत विचारलं, "साहब, एक बात पूछती. गुरुवार को फिर बंद हुआ, तो मेरा माल का क्या?"

ते म्हणाले, "बहन, झूठ नहीं बोलूँगा. ये मेरे हाथ में नहीं. मेरी हुकूमत के हाथ में भी पूरा नहीं."

"ठीक. जाडा माल आपको देती. आधा. बाकी मैं कहीं और भेज रही."

"समझता हूँ," ते म्हणाले. "मैं भी यही करता."

आईनं फोन मामाला दिला आणि माझ्याकडं वळली. "आता त्या बाईंना लाव. व्हिडिओ."

"मी?"

"तू दाखवलंस ना? मग तूच."

मला काका बोलतील असं वाटलं होतं. मी लावला. लारिसामॅडमच्या मागं आता स्वयंपाकघर दिसत होतं, रविवार त्यांचाही होता. मी काही विचारपूस केली नाही. सहाशे अकराचं खोकं समोर ठेवलं, फणी उचलून दोन्ही ओळी दिसतील अशी धरली. "सकाळी मी हे मोजलं," आतलं केळं. "मोजायला हे पाहिजे होतं." बाहेरचं. त्रेचाळीस. आकडा कॅमेऱ्याजवळ धरला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती खोकी अशी आहेत?"

"माहीत नाही. निम्मी असतील. आम्ही सगळी मोजू."

"तुला हे कुणी करायला सांगितलं?"

मामा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. आईसुद्धा बघत होती. "मोजलं मी," मी म्हणाले.

त्यांनी कागद ओढून काहीतरी हिशेब केला. "हे जहाज चुकवू नका. चाळीसपर्यंतचीच खोकी पाठवा. हजाराच्या वर भरली तर घेते, खाली गेली तर भाडं परवडत नाही, मग पाठवूच नका. इथं माझी माणसं प्रत्येक खोकं मोजतील. आणि आठवड्याला दोनचं मी जे बोलले होते, ते विसरा. हा पोचल्यावर बघू."

फोन बंद झाला.

आईनं घड्याळ बघितलं. "सहा तास. सगळी उतरवा."

काका कागदांकडं पळाले, प्रमाणपत्रावर पंधराशे चाळीस खोकी लिहिलेली होती, ती संख्या बदलून मिळाल्याशिवाय जहाजात चढणार नव्हती. अधिकाऱ्यांनी फोन उचलला, म्हणाले ऑनलाइन दुरुस्ती टाका, सकाळी पहिलं तेच बघतो. बाकी आम्ही तीन रांगा केल्या. कॅलिपर तीनच होते. एक आईकडं, एक माझ्याकडं, आणि तिसरा आईनं मामाच्या समोर ठेवला. तो अंगठ्यानं मोजणारा माणूस. सुरुवातीला त्यानं तो उचललाच नाही. मग उचलला.

दोन वाजता चारशे पास. दार उघडं, गार हवा सगळी बाहेर, आत गेलेल्या खोक्यांवर बायका ओली पोती टाकत होत्या. जेवण कुणी केलं नाही. साडेतीनला सातशे तीस. माझी बोटं चिकानं काळी झाली, आकडे डोळ्यांसमोर नाचायला लागले, आणि प्रत्येक त्रेचाळीसला मला सकाळचा माझा तो गोड आवाज ऐकू यायचा.

साडेचारला नऊशे एकोणसाठ. उरलेला ढीग वरच्या बागेचा. मी सलग बारा खोकी मोजली, सगळी जाड. आई थांबली.

"नाही होत," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज बसलेला ऐकला मी.

मामा त्या ढिगाकडं बघत उभा होता. "आठ फणीची खोकी वेगळी काढा," तो म्हणाला.

"काय?"

"घडाच्या खालच्या फण्या उशिरा भरत्यात. त्या लहान असत्यात, म्हणून खोक्यात आठ बसत्यात. वरची बाग असू दे न्हायतर कुठली. त्या बारीक असणार." मग आईकडं न बघता, "मोजून घे. मी म्हणतो म्हणून नको."

आठ फणीची सत्तर खोकी निघाली. तो उचलून देत होता, मी मोजत होते, आई दुसऱ्यांदा मोजत होती. एकोणचाळीस. चाळीस. चाळीस. एक्केचाळीस, बाजूला.

पाच वाजून दहा मिनिटांनी एक हजार अकरा.

काकांनी मोकळ्या राहिलेल्या तळावर पुठ्ठे अंथरून घेतले, नाहीतर गार हवा खोक्यांत न शिरता रिकाम्या जागेतून पळते म्हणाले. दोन्ही दारं लागली. काकांनी सील आईच्या हातात दिलं. आईनं ते मामाकडं धरलं.

"मी?" मामा म्हणाला.

"तुझा माल आहे ना."

त्यानं सील लावलं. पाच वीसला गाडी हायवेला लागली. मामा तिथंच पायरीवर बसला आणि बेहरूझसाहेबांना पाचशे एकोणतीस खोक्यांचं सांगायला लागला. मी पलीकडं हात धूत होते, चीक काही निघत नव्हता. आई आली, नळ जरा मोठा केला.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली, "तू नुसतं मोजायचं. बोलतील काका."

"किती रविवार?"

"बघू."

मी सात रविवार मोजलं. मधे सव्विसाव्या दिवशी लारिसामॅडमचा मेसेज आला होता, एका हिरव्यागार फणीचा फोटो, शेजारी पिवळ्या पडलेल्या नऊ खोक्यांची यादी, त्यांचे पैसे कापलेले, आणि खाली एक ओळ. आठवड्याला एक कंटेनर, दोन नाही, सप्टेंबरपर्यंत.

"एकच?" मामा म्हणाला.

"एक तर एक," आई म्हणाली, आणि कोंडीबा आबांच्या खालच्या बागेत किती घड अडतीसला आलेत ते मोजून यायला तिनं आम्हा दोघांना पाठवलं.